शुगर असेल तर डोळ्याचा पडदा कसा तपासून घ्यायचा

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आलो म्हणजे डोळे चेक झाले असं बऱ्याच घरांत धरून चालतात. शुगरवाल्यांना तेवढं पुरत नाही. नंबर काढताना तुम्हाला किती दिसतं एवढंच बघतात, डोळ्याच्या आत मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांचं काय चाललंय ते त्यात कळत नाही आणि शुगर वाट लावते ती नेमकी तिथेच. शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर पण रक्ताचे ठिपके असू शकतात, ना दुखत ना डोळा लाल होत, त्यामुळे "मला नीट दिसतंय की" हे कारण घरच्यांनी ऐकून घेऊच नका.

टाइप २ निघाला की लगेच पहिली तपासणी, कारण रिपोर्टमध्ये आज आला तरी शुगर आधी काही वर्षं अंगात असू शकते. मग दरवर्षी, आणि काही सापडलं तर डॉक्टर लवकर बोलावतील. टाइप १ वाल्यांनी पहिल्या ५ वर्षांत सुरू करायची. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या ३ महिन्यांतच दाखवायचं, गरोदरपणात पडद्याचं दुखणं भराभर वाढू शकतं.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर सरळ विचारा, ड्रॉप्स घालून पडदा बघणार ना? सोबत एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) शेवटचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी, चष्मा, जुनी फाइल. काचबिंदू असेल किंवा घरात कोणाला असेल तर ड्रॉप्स घालायच्या आधी सांगा. आणि उपाशी जाऊ नका हो! रक्ततपासणी समजून काही जण सकाळची गोळी घेऊन रिकाम्या पोटी येतात आणि तिथे बाकावर बसल्या बसल्या शुगर खाली येऊन घाम फुटतो. नेहमीसारखं खाऊन जा, पिशवीत बिस्किटं ठेवा, वेळ लागतो.

ड्रॉप्स थोडे चुरचुरतात, बाहुली मोठी व्हायला साधारण अर्धा तास जातो, मग जवळचं धुरकट दिसतं, मोबाईल वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात. हे काही तास राहतं म्हणून गॉगल न्या, कोणाला तरी बरोबर घ्या, स्कूटर घरीच राहू दे. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, सांगितला तर घाबरायचं काही नाही, हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचं, झालं. डाय (रंगाचं औषध) टाकून पडद्याचे फोटो काढायचे असतील तर हातात इंजेक्शन देतात, त्यानंतर लघवी गडद पिवळी-केशरी होते, ते नॉर्मल आहे.

काही शुगरच्या दवाखान्यांत ड्रॉप्स न घालता कॅमेऱ्याने फोटो काढतात. पहिली चाळणी तपासणी म्हणून ठीक आहे, पण फोटो नीट आला नाही किंवा त्यात काही दिसलं तर रेटिनावाल्या, म्हणजे पडद्याच्या डॉक्टरकडे जायलाच लागतं.

निघायच्या आधी दोनच गोष्टी विचारा: पडद्याच्या मधल्या भागाला सूज आहे का, आणि परत कधी यायचं. तारीख फाइलवर लिहून घ्या. नवा चष्मा करायचा असेल आणि शुगर वरखाली होत असेल तर थांबा, शुगरबरोबर नंबरही हलतो, ती स्थिर झाल्यावर करा नाहीतर पैसे फुकट.

लेझर सांगितलं की लोक नंतर कुरकुरतात, करून पण आधीसारखं दिसेना. अहो लेझर मुख्यतः आहे ती नजर टिकवायला असतो. डोळ्यातल्या इंजेक्शनचं नाव काढलं की सगळेच टरकतात, पण आधी डोळा बधिर करतात. सुजेला ती एकदा देऊन सहसा भागत नाही, काही महिने घ्यावी लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्यानंतर बरं दिसायला लागलं की माणूस जायचंच बंद करतो, मग सूज परत येते. त्याचबरोबर बीपी सांभाळा, नुसती शुगर आटोक्यात ठेवून पडदा वाचत नाही.

आणि अचानक डोळ्यासमोर काळे धागे, ठिपक्यांचा पाऊस, वीज चमकल्यासारखं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर वर्षाची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी जा, रविवार असला तरी.