जुन्या कॉम्प्युटरला नवी रॅम लावताना या चुका टाळा

जुलैत पीक विम्याचे अर्ज सुरू झाले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांच्या ओट्यावर माणसं सातबारा हातात धरून बसलेली असतात. आत कोअर टू ड्युओचं जुनं मशीन एक पीडीएफ उघडता उघडता दमतं. मग कोणी सांगतं, "दादा, रॅम वाढवून घ्या." रॅम म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरीची पट्टी, तेव्हा सल्ला चांगलाच आहे. पण नवी रॅम बसवल्यावर पंखा फिरतो, स्क्रीन काळीच राहते, आणि "बोर्ड गेला" म्हणजे आतली मुख्य पाटी, मदरबोर्ड, खराब झाली असं समजून केंद्रचालक नव्या कॉम्प्युटरच्या खर्चात पडतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा बऱ्याच मशिनींचा बोर्ड धडधाकट असतो. चूक झालेली असते ती रॅम निवडताना.

नुसतं "४ जीबीची द्या" म्हणू नका

डीडीआर २ आणि डीडीआर ३ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना २४० पिना असतात, त्यामुळे हातात घेतल्यावर सारख्याच वाटतात. पण डीडीआर २ चालते १.८ व्होल्टवर, डीडीआर ३ चालते १.५ वर, आणि दोघींची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर ४ ला तर २८८ पिना. खाच जुळत नसेल तर रॅम बसणार नाही, आणि ती बसू नये म्हणूनच खाच दिलेली आहे. जोर लावू नका. जोर लावून स्लॉटमधला दांडा मोडलेला बोर्ड मी पाहिला आहे, त्याला मग इलाज उरला नव्हता.

बोर्डाची मर्यादाही आधी बघा. चिपसेट म्हणजे बोर्डाचा कारभार सांभाळणारी मुख्य चिप. इंटेलच्या जी३१ चिपसेटचे बोर्ड ४ जीबीच्या पुढे जात नाहीत, जी४१ चे ८ जीबीपर्यंत, एच६१ चे १६ जीबीपर्यंत. मशीन चालू असेल तर सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात बोर्डाचं नाव दिसतं. बंद असेल तर कॅबिनेट उघडा, नाव बोर्डावरच छापलेलं असतं.

चिपा मोजा

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. घाटंजीकडचे एक केंद्रचालक दोन रॅम घेऊन आले. दोन्हींवर ४ जीबी, डीडीआर ३ असंच लिहिलेलं. एक लावली की त्यांचं जी४१ चं मशीन सुरू व्हायचं, दुसरी लावली की स्क्रीन काळी. "भाऊ, काहून चालू नाही होत हे? रॅम तं नवीन हाय."

मी दोन्ही रॅम टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चालणाऱ्या रॅमवर पुढे आठ, मागे आठ अशा सोळा चिपा होत्या. न चालणारीची एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला फक्त आठ. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, म्हणजे त्या आठातली प्रत्येक चिप ४ गिगाबिटची, आणि सोळा चिपांच्या रॅमची प्रत्येक चिप २ गिगाबिटची. जी४१ चा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, २ गिगाबिटपर्यंतचीच चिप धड ओळखतो. अशी रॅम त्यावर एकतर सुरूच होत नाही, नाहीतर अर्धीच दिसते. तीच रॅम मी एच६१ च्या बोर्डावर लावून दाखवली, पूर्ण ४ जीबी आली. रॅम खराब नव्हती आणि बोर्डही नव्हता.

म्हणून जी४१ साठी घेताना "दोन्हीकडून सोळा चिपांची" असं स्पष्ट सांगा. त्यातही एक खोच आहे. स्वस्तात मिळणाऱ्या काही सोळा चिपांच्या रॅम फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलवर नाही. भाव फारच कमी सांगितला तर हे विचारूनच घ्या. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅमही साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.

काळी स्क्रीन दिसली की

प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. जुनी रॅम एकटीच लावून बघा. मशीन सुरू झालं तर बोर्ड शाबूत आहे. मग नवी रॅम एकटी, एकेका स्लॉटमध्ये.

त्याआधी सफाई. दिवाळीनंतर आपल्याकडे घराघरात कापूस भरलेला असतो, त्याचे बारीक तंतू स्लॉटमध्ये जाऊन बसतात. कोरड्या मऊ ब्रशने ते काढा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. पावसाळ्याच्या ओलाव्याने काळपटलेल्या पट्ट्या एवढ्यानेही पुष्कळदा सुधारतात. तरी जमलं नाही, तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत लावा, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग मूळ जागी येतात.

बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट करायचा सल्ला मिळाला तरी यूपीएसशिवाय हात लावू नका. अपडेट चालू असताना लाइट गेली तर चांगला बोर्ड खरंच जातो.

रॅम वाढली, पण दिसत नाही

८ जीबी लावूनही विंडोज ७ मध्ये सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरता येते असं दिसत असेल, तर विंडोज ३२ बिटची आहे. ६४ बिटची टाकावी लागेल. त्याआधी तुमच्या अंगठ्याच्या मशीनचा आणि प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का ते तपासा, नाहीतर ऐन गर्दीत अंगठाच घेता येणार नाही.

मशीन मधूनच अडकत असेल, निळी स्क्रीन येत असेल, तर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तर रॅम एकेक करून तपासा. वेगवेगळ्या स्पीडच्या दोन रॅम सोबत चालतात, पण दोन्ही कमी स्पीडनेच.

अमरावती किंवा नागपूरच्या गाडीत बसण्याआधी जुन्या रॅमचे दोन्ही बाजूंचे आणि बोर्डाच्या नावाचे फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या. दुकानदाराला ते दाखवा, आणि रॅम चालली नाही तर किती दिवसांत बदलून देणार ते बिलावरच लिहून घ्या.