मार्केटिंगला एजन्सी लावायची की कन्सल्टंट? या चुका टाळा

"मालक, एखादी चांगली एजन्सी सांगा की." असा फोन महिन्यातून दोन-तीनदा येतो. कशाला पाहिजे विचारलं की उत्तर ठरलेलं: "शेजारच्यानं लावलीय." पहिली चूक हीच, आणि पुढच्या निम्म्या चुका तिच्याच पोटात असतात.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. माग बिघडला, काठ नीट येईना, की आपण जॉबरला बोलावतो. तो बघतो, कुठं अडलंय ते सांगतो, पैसे घेतो आणि जातो. माग नीट चाललेत पण ऑर्डर मोठी आहे, तेव्हा जॉबर बोलावून काय उपयोग? तेव्हा माल बाहेर मजुरीवर विणून घ्यायचा. कन्सल्टंट म्हणजे जॉबर, एजन्सी म्हणजे बाहेरची मजुरी. काय विकायचं, कुणाला विकायचं हेच कळत नसेल तर कन्सल्टंट. ते पक्कं आहे, पण फोटो, डिझाइन, जाहिराती बघायला माणूस नाही, तर एजन्सी. एवढा विचार करायला दोन दिवस पुरतात. लोक दोन मिनिटं देत नाहीत.

मीही दिली नव्हती. काही वर्षांपूर्वी बाहेरगावची एक एजन्सी लावली. महिना २५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,५००. जाहिरातीचे पैसे वेगळे. महिन्याला बारा पोस्ट ठरल्या, त्यातल्या सात-आठ शुभेच्छांच्या. मी खूश, कारण पेज हलताना दिसत होतं. जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली. पोस्ट पडली: सिद्धेश्वर यात्रेच्या हार्दिक शुभेच्छा. फोटो सिद्धिविनायकाचा! सकाळी आठला मामांचा फोन, "काय बे, देव पण बदलला का?"

ते हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही. त्यांच्या लिहिणाऱ्यानं मालाच्या वर्णनात 'हातमागावर विणलेले' असं ठोकून दिलं. आमचे सगळे पॉवरलूम. लिहिणाऱ्याला दोन्ही सारखेच, आणि 'हातमाग' ऐकायला बरं वाटतं. बाहेरच्या एका ग्राहकानं त्यावर विसंबून २०० नग मागवले, माल पोचल्यावर हँडलूम मार्कचं, म्हणजे खऱ्या हातमागाच्या मालावरच्या सरकारी खुणेचं, लेबल कुठंय म्हणून विचारलं. माल परत आला, दोन्हीकडचं भाडं माझ्या बोकांडी. वर जाहिरातीवरून रोज मेसेज: "एक टॉवेल मिळेल का? घरपोच?" मी माल देतो हॉटेलं, लॉज आणि दवाखान्यांना, डझनावर. एकेक टॉवेल कुरिअरनं पाठवायचा तर टॉवेलपेक्षा कुरिअर महाग.

खूप शिव्या घातल्या त्यांना. आता वाटतं, निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या. माझा ग्राहक कोण हे मीच धड सांगितलं नव्हतं. बिघडलेल्या मागावरचा नमुना बाहेर दहा मागांवर दिला, तर दहा मागांवर तस्साच विणून आला.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुणालाही भेटण्याआधी शेवटची तीस बिलं काढतो आणि वहीच्या एका पानावर लिहितो: माल कोण घेतो, किती घेतो, कधी घेतो, आपल्यापर्यंत आला कसा. पान भरलं तर ते एजन्सीच्या हातात द्यायचं. भरलं नाही तर आधी कन्सल्टंटच्या दोन-तीन बैठका. याला शॉर्टकट विचारू नका. "तेवढा वेळ नाही हो" म्हणणाऱ्याला मी नंबर देणं बंद केलंय.

उलटी चूकही घरातच बघितली. चुलतभावाचा शेंगाचटणीचा धंदा. त्यानं कन्सल्टंट धरला, माणूस हुशार निघाला. बावीस पानांची योजना दिली: हुरड्याच्या दिवसांत काय करायचं, पंढरपूर-अक्कलकोटला येणाऱ्या भाविकांपर्यंत कसं पोचायचं, पाकीट केवढं ठेवायचं. वाचून मलाच हेवा वाटला. ती फाइल आज गल्ल्याखाली आहे. आई आणि वहिनी चटणी कुटणार, हा गाडीवरून पोचवणार, मग रील कोण काढणार? जॉबर दुरुस्ती सांगून गेला, माग चालवायला माणूसच नाही. योजना हातात आली की प्रत्येक कामापुढं नाव लिहा. सगळीकडं तुमचंच नाव येत असेल तर उरलेल्या पैशात आधी माणूस ठेवा.

बाकीच्या चुकांवर फार वेळ घालवत नाही.

डोमेन (वेबसाइटचं नाव-पत्ता), गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल आणि जाहिरातीचं खातं तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच नावानं काढा. एजन्सीला ॲक्सेस द्या, पासवर्ड नको. ती सोडताना भांडण होणारच असं धरून चाला.

"गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. अशी गॅरंटी कुणी देऊ शकत नाही हे गूगलच सांगतं.

बोलायला येतो तो वेगळा, काम करतो तो वेगळा. करणाऱ्याला भेटल्याशिवाय सही नाही.

पुतण्या इन्स्टाग्राम बघतो म्हणजे मार्केटिंग बघतो असं नाही.

आणि घाई. आमच्या ओळखीतला एक युनिफॉर्मवाला दर तिसऱ्या दिवशी एजन्सीला फोन करून जाहिरात बदलायला लावायचा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला कुणाला दिसायचं हे आधी शिकायला वेळ लागतो. मोठा बदल केल्यावर आठवड्याभरात साधारण ५० रिझल्ट (मेसेज, ऑर्डर, जे मागितलं असेल ते) आले की ती स्थिरावते. ह्यानं पुन्हा बदल केला की शिकणं पहिल्यापासून. महिन्यानंतर हाच म्हणतो, एजन्सी चोर आहे. त्यात त्यानं काम दिलं होतं जूनमध्ये, शाळा उघडल्यावर! युनिफॉर्मचं बोलणं त्याच्या कितीतरी आधी व्हायला पाहिजे, आणि लग्नसराईत आहेराला जाणाऱ्या टॉवेल-टोपीचंही तसंच.

माझं विचाराल तर सध्या एजन्सी नाही. तीन महिन्यांतून एकदा कन्सल्टंटबरोबर बसतो, वही पुढ्यात ठेवून. रोजचं काम कॉलेजला जाणारी एक मुलगी संध्याकाळी दोन तास येऊन करते. हॉटेलांच्या ऑर्डरी एवढ्यावर नीट चालल्यात. परराज्यात हातपाय पसरायचे झाले तर पुन्हा एजन्सी बघावी लागेल. गड्ड्याचा फोटो मात्र दरवर्षी मीच काढतो, तलावाच्या काठावर उभं राहून, आणि पोस्ट करायच्या आधी मामांना पाठवतो.