नागपूरला क्रीडाशिक्षक म्हणून येताय?

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नावापुढे नागपूर दिसलं की आपल्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींचे चेहरे पडतात. मग फोन येतात, "मॅडम, तिकडं ऊन लई ना?" ऊन आहेच. पण मीही साताऱ्याचीच. खो-खो खेळत वाढले, नोकरीसाठी इथे आले, एका हायस्कूलात मुलींचा संघ उभा केला आणि इथलीच होऊन गेले. तुम्ही येताय तर पहिल्यांदा इथलं वर्ष समजून घ्या. आपल्याकडचं वेळापत्रक इथे चालत नाही.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला भरते, विदर्भात उन्हापायी जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पुढे प्रवेश, पुस्तकं, पाऊस, आणि मान वर करेपर्यंत शालेय स्पर्धांच्या तारखा लागलेल्या. जुलैत संघ बांधायला घेतला तर जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत घरी. इथला संघ तयार होतो आदल्या थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या त्याच काळात हंगाम संपला म्हणून सगळे स्नेहसंमेलनाच्या लेझीमला जुंपलेले असतात. लेझीम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाला, वाईटपणा आला तरी चालेल. आणि नागपूरची थंडी हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 अंशांवर आला होता. पहाटे अंग मोकळं झाल्याशिवाय कुणालाही सूर मारू देऊ नका.

उन्हाचं सांगायचं तर 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 अंश नोंदले गेले. 2024 ला एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवले, मागाहून हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण आकडा आला तेव्हा नागपूरकरांना तो फारसा खोटा वाटला नव्हता! एप्रिल-मेमध्ये सराव पहाटे साडेपाचला सुरू आणि सातला बंद. मुलींना तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा मिनिटांनी घोट-घोट पाणी पाजा; मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घरून आणायला सांगा. एखादीचा घाम थांबला, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, की शिट्टी टाका, तिला सावलीत न्या, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा आणि दवाखाना गाठा. 'थोडं बसू दे, होईल बरं' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही. नवतपात, म्हणजे 25 मेपासूनच्या नऊ दिवसांत, मी मैदान बंदच ठेवते.

आता मैदान. साताऱ्याच्या तांबड्या मातीवर खेळलेल्याला इथली काळी माती चक्रावून सोडते. मेमध्ये तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि मृग बरसला की तीच माती फुगून तळव्याला चिकटते. दोन फेऱ्यांत बूट किलोभराचा. या फुगण्या-आकसण्यात खो-खोचे खांबही तिरपे होतात. खांब कलला की पाठलाग करणारीचा हात इंचानं चुकतो आणि पळती निसटते. मुलगी बिचारी स्वतःलाच दोष देत राहते. उपाय सोपा आहे. खड्डा नेहमीपेक्षा रुंद खणा, काळी माती सगळी काढा, तळाला गिट्टी, वर मुरूम, पाणी मारून धुमसा. 27 बाय 16 मीटरच्या मैदानावरही मुरमाचा थर हवा. संस्था पैसे नाही म्हणते. पालकांत कुणी ना कुणी ट्रॅक्टरवाला निघतोच, त्याला गाठा. माझ्या मैदानावरचा पहिला मुरूम असाच आला.

प्रवेशिकांच्या बाबतीत मात्र कुणावरही विसंबू नका. माझ्या पहिल्या शाळेत कार्यालयातून नोंदणी मुदतीत गेलीच नाही आणि वर्षभर राबलेल्या मुली घरी बसल्या. तेव्हापासून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं काम मी स्वतः करते. शहराच्या आणि ग्रामीणच्या स्पर्धा वेगळ्या होतात, तुमची शाळा कशात मोडते ते रुजू होताच विचारून घ्या. जिल्ह्यानंतर नागपूर विभाग, म्हणजे वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरी दमसासात भारी असतात, पहिल्या डावावरून त्यांना जोखू नका. राज्य पातळीवर मग आपल्याच सांगली-पुण्याशी गाठ पडते. तेव्हा इकडचे सहकारी मिश्किलपणे विचारतात, "मॅडम, आज कोणाकडून आहे तुम्ही?" खो-खो संघटनेच्या स्पर्धांत मात्र विदर्भाचा संघ वेगळा उतरतो, त्यामुळे चांगल्या मुलीपुढे दोन वाटा असतात. दोन्हीकडे पाठवा.

इथले बरेच क्रीडाशिक्षक अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले आहेत. त्यांची आपसात घट्ट मैत्री असते. सुरुवातीला बाहेरचं वाटेल, पण माणसं मोकळी. मैदानावर कुणाशी वाजलंच तर संध्याकाळी तर्री-पोह्यांवर, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांवर मिटतं. सामन्याच्या सकाळी मात्र मुलींना तर्री नको आणि आदल्या रात्री इथलं जहाल सावजी जेवण तर अजिबात नको, पोट बिघडलं की सगळंच गेलं.

सणांच्या तारखा आधीच वहीत मांडा. आपला बेंदूर आषाढात होऊन जातो, इथे पोळा श्रावण अमावास्येला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन पोरांचा पोळा, आणि मारबत या पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी सराव ठेवलात तर मैदानावर तुम्ही एकट्याच. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, माझ्या संघातल्या निम्म्या मुली घरच्यांबरोबर भोजनदानाच्या मंडपात असतात. त्यांना सुट्टी मागायला लावू नका, आपणहून द्या.

घरोघर जायला लाजू नका. "पोरगी मोठी झाली, आता हाफ पँट घालून काहून खेळून राहिली?" हे आजीकडून ऐकावं लागेलच. वाद घालू नका, चहा घ्या आणि ट्रॅकपँटचं कबूल करा. आईला दहावीच्या सवलतीच्या गुणांचं आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचं सांगा, पण त्यासाठी कोणत्या पातळीपर्यंत खेळावं लागतं तेही सांगा. अर्धवट आमिष दाखवलं की दोन वर्षांनी तीच आई शाळेत येऊन जाब विचारते.

इथे खेळ नाही असं कुणी म्हणालं तर हसून सोडा. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल इथेच उभं केलं. 2023 चा जगज्जेता तिरंदाज ओजस देवतळे नागपूरचाच. तो मात्र शिकायला आपल्या साताऱ्याला गेला होता.

खोली मैदानापासून चालत जाता येईल अशी बघा, भाडं चार पैसे जास्त पडलं तरी. वरच्या मजल्यावरची स्वस्त मिळते, पण गच्चीखाली मेमध्ये झोप येत नाही. कूलर फेब्रुवारीतच घेऊन ठेवा, एप्रिलमध्ये दुकानदार भाव कमी करत नाही.