उसाचा हंगाम तोंडावर आला : ट्रकच्या हवेची तयारी

दसरा झाला की आमच्या शिरोळ भागात ट्रकांची डागडुजी सुरू होते. टायर, ब्रेक, पाटे, हौद्याचं वेल्डिंग, सगळ्याला वेळ मिळतो. एअर फिल्टर मात्र शेवटच्या दिवशी काढून टायरवर चार वेळा आपटला जातो आणि तसाच परत बसतो. माझ्या यादीत तो पहिला आहे. एक लिटर डिझेल जाळायला किमान १० हजार लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ओढतं. ही हवा पाणंदीतली, फडातली. तिच्यात माती, जळक्या पाचटाची राख आणि कुसळं, सगळं असतं.

पावसाळाभर गाडी उभी होती का? मग फिल्टरचा डबा उघडून आधी उंदीर बघा. बंद गाडीत कोरडी, अंधारी जागा म्हणजे हाच डबा, आणि कागद कुरतडलेला असला तर तो झटकून वापरायचा विचारही नको. डब्याच्या तळाशी पाणी साचलं असेल किंवा कागद भिजून लहरी पडल्या असतील तरीही एलिमेंट, म्हणजे आतला कागदी फिल्टर, टाकून द्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता आणि ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस उभ्या होत्या. ज्या गाडीच्या डब्यापर्यंत पाणी चढलं असेल, तिला सेल्फ मारण्याआधी डबा, पाइप आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) उघडून कोरडे करायलाच हवेत. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर शिरलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता डबा बाहेरून. तळाशी रबराची चपटी चोच असते, जड धूळ तिच्यातून आपोआप बाहेर पडते. ती बोटांनी दाबून बघा. कडक झाली असेल, फाटली असेल किंवा चिखलाने चिकटली असेल तर बदला. वस्तू किरकोळ किमतीची आहे, पण ती नसली की सगळी धूळ एलिमेंटवर बसते. केबिनमागून वर गेलेल्या नळीच्या जाळीत पाचट अडकतं, ते हंगामभर रोज काढावं लागतं. जुन्या गाडीवर तेलाचा डबा (कागदाऐवजी तेलात धूळ अडवणारा फिल्टर) असेल तर पातळीच्या खुणेपर्यंत नवं ऑइल भरा, खुणेच्या वर नाही. जास्त भरलं की इंजिन ते ओढून घेतं.

ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो भाग म्हणजे फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्यापर्यंतचा, पाइप. फिल्टरच्या अलीकडे गळती असली तर धूळ निदान फिल्टरला भेटते. पलीकडे असली तर ती थेट इंजिनात जाते. तीन हंगामांपूर्वी आमच्या गाडीने डिसेंबरात ऑइल खायला सुरुवात केली. ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, चढाला दम नाही. उघडून पाहिलं तर सर्व्हिसिंगच्या वेळी टर्बोकडची क्लिप नीट आवळलेलीच नव्हती. फटीतून महिनाभर फडातली माती आत गेली होती. टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजल्या होत्या, लायनर आणि रिंगा गेल्या होत्या. भर हंगामात इंजिन काम निघालं, टोळी बसून राहिली, उचल अंगावर आली. तेव्हापासून पाइप काढून मी आतून पांढरं फडकं फिरवतो. फडक्यावर मातकट रेघ आली म्हणजे गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत गाडी निघत नाही. रबराच्या नळीच्या वळणात, जिथे ती बंपरच्या किंवा चॅसीच्या कडेला घासते, तिथे बारीक चीर पडते. नळी वाकवल्याशिवाय ती दिसत नाही.

एलिमेंट कधी बदलायचं याचं उत्तर किलोमीटरमध्ये शोधू नका. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एक पुणे-मुंबई करते आणि दुसरी फडात उभी असते, त्यांचा हिशेब सारखा कसा असेल? डब्यावर किंवा पाइपवर छोटा इंडिकेटर असतो, चोंदलेल्या फिल्टरमधून इंजिनाला हवा किती जोराने ओढावी लागते ते तो दाखवतो. तो लाल झाला की बदला. मोठ्या टर्बो डिझेलला ही ओढीची मर्यादा साधारण २५ इंच पाण्याच्या स्तंभाएवढी, म्हणजे ६३५ मिलीमीटरच्या आसपास धरतात. ओढ खरी कळते ती भरल्या गाडीने चढ चढताना, अड्ड्यावर उभ्या गाडीला रेस देऊन नाही. नवं एलिमेंट टाकल्यावर इंडिकेटरचं बटण दाबून लाल खूण मागे घ्या. तुमच्या गाडीला इंडिकेटर नसेल तर तो बसवून घ्या, माझ्या मते हंगामाआधीचा सगळ्यात सार्थ खर्च हाच.

अनेकांना पटत नाही, पण किंचित मळलेलं एलिमेंट नव्यापेक्षा चांगलं गाळतं. कागदावर धुळीचा थर बसला की तो थरही बारीक कण अडवतो. म्हणून रोज काढून हवा मारणं ही काळजी नव्हे, नुकसान आहे. दर वेळी डबा उघडताना थोडी धूळ पलीकडच्या स्वच्छ बाजूला पडते आणि सीलही घासतं. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत, नोझल लांब धरून आणि कंप्रेसरचं पाणी काढून टाकल्यावर. मग अंधारात आत बॅटरी लावून बाहेरून बघा. उजेडाचा एक ठिपका दिसला तरी ते बाद. आतल्या छोट्या सेफ्टी एलिमेंटला हवा मारायचीच नाही. बाहेरचं तीनदा बदललं की आतलं एकदा नवं घालायचं.

खरेदीला जाताना जुन्या एलिमेंटवरचा पार्ट नंबर किंवा चॅसी नंबर घेऊन जा. नुसतं 'दहा टायरचं द्या' म्हणू नका. कंपनीचं घ्या, नाहीतर फ्लीटगार्ड, डोनाल्डसन, मान यांच्यापैकी, पण ओळखीच्या दुकानातून आणि सीलबंद खोक्यातलं. सुटं, खोका नसलेलं स्वस्त एलिमेंट हातात घेतलं की घड्या कुठे दाट कुठे विरळ दिसतात, टोपणाजवळ चिकट नीट लागलेलं नसतं आणि रबर दाबल्यावर परत फुगत नाही. तेच सील डब्यात नीट बसत नाही.

थंड हवेच्या किटबद्दल (बाहेरची थंड हवा इंजिनला देणाऱ्या जादा फिल्टर-नळीबद्दल) आता पोरं वारंवार विचारतात, विशेषतः पिकअप आणि इसुझू व्ही-क्रॉसवाले. मागची कल्पना खरी आहे. हवा १० अंशांनी थंड झाली की ती सुमारे ३ टक्क्यांनी दाट होते. पण आपल्या मोठ्या ट्रकांना कंपनीनेच केबिनच्या मागे उंच नळी दिलेली असते, ती थंड हवाच घेते. शिवाय टर्बोत दाबली गेल्यावर हवा १५० अंशांच्या पुढेही तापते, तिला खाली आणतो इंटरकूलर. म्हणून त्याच्या जाळ्यांतली माती आणि पाचट कमी दाबाच्या पाण्याने, पाती न वाकवता काढा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून इंजिन चालू असताना फुगे बघा. बॉनेटखाली उघडा शंकूचा फिल्टर बसवला तर तो इंजिनचीच गरम हवा ओढतो, आणि धूळही जास्त. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर धुऊन परत वापरता येतात, पण तेल जास्त झालं की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढतं. बीएस-६ गाडीत त्यावरून चेक लाइट लागते. शिवाय वॉरंटीवर प्रश्न उभा राहतो. फडातल्या गाडीला मी तो कधीच सुचवणार नाही. बीएस-६ मध्ये चोंदलेल्या फिल्टरने काजळी वाढते आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वारंवार स्वच्छ व्हायला बघतो, तेव्हा तिथे कागदी आणि मूळ नंबरचंच घाला.

सगळं बसवून झालं की डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. केबिनमध्ये एक नवं बाहेरचं एलिमेंट खोक्यासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन जादा क्लिपा टूलबॉक्समध्ये टाका. ड्रायव्हरला इंडिकेटर कुठे आहे ते बोटाने दाखवा. आमच्याकडे तो रोज सकाळी ऑइलची कांडी बघतो, त्याच वेळी इंडिकेटरही बघायचा ठरलं आहे. लाल दिसला तर कारखान्याच्या यार्डातच थांबायचं, कारण तिथलं सिमेंटचं आवार फडापेक्षा स्वच्छ असतं आणि रांगेत नंबर येईपर्यंत तास-दोन तास हातात असतातच.