अर्ध्या गोळीची झोप

मिर्टाझापिन तशी नैराश्याची गोळी. पण ती हिस्टामिनला, म्हणजे मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनाला अडवते, म्हणून डोळे जड होतात. डॉक्टरांनी मला १५ मिलिग्रॅमची अर्धी लिहून दिली. ती अंथरूण घालून झाल्यावरच घ्या. मी एकदा आधी घेतली, तर पायरीवर गप्पा मारतानाच पेंगलो. बायकोनं धरून आत नेलं.

सुरुवातीला सकाळीही गुंगी राहते. गाडी नको, मी खानापूरला बसनंच जायचो. दारू अजिबात नको.

भूक मात्र राक्षसी! रात्री अकराला फ्रिजमधला कुंदा बोटानं चाटून संपवला. आता बेळगावात राहूनही घरात कुंदा आणत नाही. वजन बघत राहा.

बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. शेजारच्या काकूंनी एक मागितली होती, दिली नाही. अजून रुसल्यात.