तज्ज्ञाचा अहवाल उशिरा दाखल करताय? दिवाणी दाव्यात या चुका टाळा

‘साठेखतावरची सही माझी नाही’ असं कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, एका ओळीत लिहून प्रतिवादी मोकळा होतो. ती सही तपासून घ्यायला हवी हे दोन्ही बाजूंना आठवतं पुरावा संपल्यावर, कधी थेट युक्तिवादाच्या तारखेला. मग हस्ताक्षर तज्ज्ञासाठी घाईचा अर्ज पडतो, समोरचे वकील ‘दावा लांबवण्याचा प्रयत्न’ असा से, म्हणजे लेखी म्हणणं, देतात आणि कोर्टालाही ते पटतं.

मुदत लिहिलेली नाही म्हणून थांबणं

तज्ज्ञाचा अहवाल अमुक दिवसांत द्या, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत थेट कुठे म्हटलेलं नाही. गैरसमज तिथूनच सुरू होतो. कागद दाव्यासोबत किंवा कैफियतीसोबतच द्यायचे असतात, नंतर द्यायचे तर कोर्टाची परवानगी लागते. मुद्दे निघाल्यापासून, म्हणजे वादाचे प्रश्न कोर्टाने ठरवल्यापासून, 15 दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते (ऑर्डर 16 नियम 1), आणि तज्ज्ञ हाही साक्षीदारच. यादीत त्याचं नाव नसेल तर पुढे कारण सांगत बसावं लागतं.

वादी इथे हमखास फसतो. सही नाकारली गेली की ती सिद्ध करण्याचं ओझं साधारणपणे दस्त पुढे करणाऱ्यावर येतं. ‘नाकारणाऱ्यानेच तज्ज्ञ आणावा’ म्हणून बसून राहणं महागात पडतं. न्यायाधीश स्वतः सह्या ताडून बघतील, ही आशाही फार धरू नये. तो अधिकार कोर्टाला आहे (भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 72, पूर्वीचं 73), पण नुसत्या नजरेवर निष्कर्ष काढताना कोर्टाने सावध असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने थिरुवेंगडम पिल्लई प्रकरणात 2008 साली सांगितलं आहे.

तज्ज्ञ आधी, कागद नंतर

माझ्या मते उशिराचं खरं कारण तज्ज्ञ नसतोच, कागद असतात. झेरॉक्सवरून दाब, लेखणीची उचल, शाईची जाडी नीट कळत नाही, त्यामुळे मूळ दस्त लागतो. तो कोर्टाच्या ताब्यात असेल तर त्याची पाहणी करायला आणि फोटो घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो.

त्याहून अवघड काम म्हणजे नमुन्याच्या सह्या मिळवणं. त्या कबूल असलेल्या आणि वादातल्या दस्ताच्या आसपासच्या काळातल्या हव्यात. वकीलपत्रावरची किंवा कैफियतीवरची सही वाद सुरू झाल्यानंतरची असते, ती मुद्दाम बदलून केली असं म्हणायला जागा राहते. बँकेतलं नमुना सहीचं कार्ड आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले जुने दस्त उपयोगी पडतात. हे कागद मागवायला समन्स काढावं लागतं आणि त्यात तारखांवर तारखा जातात. म्हणून तज्ज्ञाची फी ठरवण्याआधी कागद मागवण्याचा अर्ज द्या.

अहवाल दिला म्हणजे पुरावा झाला, असं समजणं

खासगी तज्ज्ञाचा अहवाल दाखल होऊन पडून राहिला तर त्याला फारसं वजन नाही. तज्ज्ञाने सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या मूळ साक्षीचं, शपथपत्र द्यायला हवं आणि उलटतपासाला उभं राहायला हवं. अहवालात कारणं आणि मोठे केलेले फोटो हवेत. ‘सह्या जुळत नाहीत’ एवढं एकच वाक्य पुरत नाही.

हद्दीच्या वादात वाट वेगळी आहे. तिथे ऑर्डर 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखच्या मोजणी अधिकाऱ्याला नेमून घ्या, त्याचा अहवाल दाव्यात पुरावा म्हणून वाचता येतो. अर्ज मात्र वेळेत करा, कारण उभ्या पिकात आणि पावसाळ्यात मोजणी रखडते.

मोबाइलमधलं रेकॉर्डिंग देणाऱ्यांसाठी एवढंच: 1 जुलै 2024 पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. जुन्या कायद्याच्या कलम 65ब च्या नमुन्यावर विसंबू नका.

उशीर झालाच असेल तर

नंतर सापडलेला पुरावा देण्याची सोय असलेला ऑर्डर 18 नियम 17अ 2002 मध्ये वगळला गेला. तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 151 खाली (कोर्टाचे अंगभूत अधिकार) अपवाद म्हणून परवानगी मिळू शकते, असं के. के. वेलुसामी प्रकरणात 2011 साली ठरलं. मात्र राहिलेल्या फटी बुजवायला केलेला अर्ज खर्चासह फेटाळावा, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा अर्जात तज्ज्ञाचं नाव, त्याची संमती आणि अहवाल कधी मिळेल ती तारीख लिहा. कोणता कागद कधी मागितला आणि कधी हाती आला हे रोजनाम्याच्या (कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदीच्या) तारखांसह दाखवा. खर्च द्यायची तयारी आपणहून सांगा. ‘वकील बदलले’ हे कारण कोर्टं रोज ऐकतात.

समोरच्याचा अहवाल तुमच्यावरच अचानक आदळला, तर त्याच दिवशी उलटतपास सुरू करू नका. आधी लेखी हरकत द्या, मग प्रत, आपल्या तज्ज्ञाला दाखवायला वेळ आणि खर्च मागा. अपिलात बघू म्हणून ही हरकत सोडू नका. तिथे नवा पुरावा द्यायचा तर ऑर्डर 41 नियम 27 च्या अटी आडव्या येतात, आणि पूर्ण काळजी घेऊनही तो आधी देता आला नाही हे दाखवणं बहुतेकांना जमत नाही.