दोरा, नट आणि स्टॉपवॉच : विज्ञानातल्या मूलभूत कौशल्यांचा सराव घरी कसा करावा

आपल्याकडे प्रयोगवही बहुतेक वेळा उलट्या क्रमाने लिहिली जाते. अनुमान आधीच ठाऊक असते, मग त्याला जुळतील असे आकडे तक्त्यात भरायचे. वही पूर्ण होते, सहीही मिळते. पण मोजायचे कसे, मोजलेले लिहायचे कसे आणि लिहिलेल्यावरून किती बोलायचे, हे हाताला लागत नाही. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षा असते. तिथे पाठांतर फारसे कामाला येत नाही.

सहावी ते नववीच्या मुलाला हा सराव द्यायला दहा प्रयोग लागत नाहीत. एकच प्रयोग दोन-तीन संध्याकाळी पुरवून केला तरी चालतो. माझी पसंती लंबकाला आहे. खर्च जवळजवळ नाही, काही पेटवायचे नाही, आणि मुख्य म्हणजे उत्तर नुसते पाहून कळत नाही, मोजावेच लागते. अट एकच : सूत्र आधी सांगायचे नाही आणि पुस्तकातला धडाही उघडायचा नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून एकसारखे दोन जड नट आणा. घरातला मजबूत, न ताणणारा दोरा, मीटरभर लांबीची पट्टी किंवा टेप, मोबाइलमधले स्टॉपवॉच, आलेखाचा कागद आणि पेन एवढे जमवा. पेन्सिल फक्त आलेखासाठी ठेवा. आकडे पेननेच लिहायचे. कारण पुढे येईल.

पायरी १ : आधी पट्टी वाचायला शिका

हे सहावीतल्या मुलाला पोरकट वाटेल, तरी वगळू नका. वहीची लांबी घरातल्या तिघांना स्वतंत्रपणे मोजायला सांगा, मिलिमीटरपर्यंत, आणि एकमेकांचे उत्तर न बघता लिहायला लावा. तिघांचे आकडे बहुधा एक येत नाहीत. का, ते मुलालाच शोधू द्या. प्लास्टिकच्या पट्टीत शून्याची रेघ अगदी कडेला नसते, थोडी आत असते. पट्टीचे टोक झिजले असेल तर १० सेंमीच्या रेघेपासून मोजून शेवटी १० वजा करावे लागतात. डोळा रेघेच्या बरोबर समोर नसेल आणि तिरके पाहिले, तर एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. शिंप्याचा कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असू शकतो. सुताराच्या धातूच्या टेपचा हुक मात्र हलतो म्हणून तो खराब समजू नका. आतून आणि बाहेरून मोजताना हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो.

द्रव मोजण्याचा सराव याच वेळी उरकून घेता येतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने किंवा मोजपात्राने १०० मिली पाणी मोजा. पृष्ठभाग डोळ्यासमोर आणून मधल्या खोलगट भागाची पातळी वाचा, आणि मग तेच पाणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करून १०० ग्रॅमच्या आसपास आले पाहिजे.

पायरी २ : लंबक बांधा

नट दोऱ्याला बांधा आणि दोरा अशा जागी अडकवा जिथे तो एकाच बिंदूपासून हलेल. खिळ्याला सैल गाठ मारली तर गाठही सरकते आणि लांबी बदलत राहते. टेबलाच्या कडेबाहेर दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांच्या फटीत दोरा घट्ट दाबला आणि वर जाड पुस्तके ठेवली, तर टांगण्याची जागा स्पष्ट मिळते. एक मीटर लांबीसाठी मात्र टेबल अपुरे पडते. तिथे कपाटाचा वरचा कप्पा वापरा, आणि कपाट हलत नाही ना ते मोठ्यांनी पाहा.

लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची? टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत. बहुतेक मुले गाठीपर्यंत मोजतात. एक मीटरच्या लंबकात ते खपून जाते, २५ सेंमीच्या लंबकात नाही.

पायरी ३ : दोलने मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नट एका बाजूला ओढून सोडला, तो पलीकडे जाऊन परत आला की एक दोलन. एका दोलनाला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल. आधी मुलाला एकच दोलन मोजायला सांगा, चार-पाच वेळा. आकडे बरेच विखुरलेले येतील. मोबाइल सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतो म्हणून आपणही तेवढे अचूक मोजतो, असा समज इथे गळून पडतो. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंतच साधारण ०.२ सेकंद जातात. आता दहा दोलनांचा एकत्र वेळ घेऊन दहाने भागा. सुरुवातीला आणि शेवटी बोटाकडून होणारी चूक तेवढीच राहते, पण ती दहा दोलनांत वाटली जाते. हे समजावून सांगू नका; दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी लिहिले की मुलाला ते दिसते.

दोन बारकावे. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायचे, ‘एक’ नाही. ‘एक’ म्हणून सुरुवात केली की दहा म्हणेपर्यंत नऊच दोलने होतात, आणि ही चूक मोठ्यांकडूनही हमखास होते. दुसरे, वेळ टोकाला नव्हे तर मध्यावर घ्या. टोकाला नट क्षणभर रेंगाळतो, नेमका कधी वळला ते कळत नाही. मध्यावरून तो सर्वांत वेगाने जातो. मागे भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावर खडूने उभी रेघ ओढा आणि नट एकाच दिशेने ती ओलांडताना मोजा. सोडल्याबरोबर मोजायला लागू नका, एक-दोन झोके जाऊ द्या.

झोका लहानच ठेवा. एक मीटरच्या लंबकाला १५ सेंमी बाजूला ओढले तरी पुरे.

पायरी ४ : एका वेळी एकच गोष्ट बदला

आता प्रश्न : दोलनकाल कशावर अवलंबून आहे? मुलाला आधी अंदाज लिहायला लावा. ‘जड नट लवकर येईल’ हे उत्तर फार ठिकाणी ऐकू येते, आणि ते खोडून काढण्याची घाई करू नये.

दोन नट लावून पाहायचे ठरले की इथे एक सापळा आहे. दुसरा नट पहिल्याच्या खाली लोंबकळत बांधला, तर वजनाबरोबर लंबकाची लांबीही वाढते, दोलनकाल किंचित वाढतो, आणि मूल खुशाल लिहून टाकते की वजनाने फरक पडतो. दोन्ही नट शेजारी शेजारी, एकाच उंचीवर बांधा. फरक गेला की आधीचा फरक कशामुळे होता, हे त्याला विचारा. ‘इतर सर्व घटक स्थिर ठेवून’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य किती अवघड काम सांगते, ते या एका गाठीत कळते.

मग फक्त लांबी बदला : २५, ५०, ७५ आणि १०० सेंमी. प्रत्येक लांबीला तीन वेळा दहा दोलनांचा वेळ घ्या.

पायरी ५ : आकडे जसे आले तसे लिहा

तक्ता प्रयोगाच्या आधी आखायचा. एकके रकान्याच्या डोक्यावर एकदाच. समजा १०० सेंमीला २०.०६, १९.९१ आणि २०.२८ सेकंद आले. कॅल्क्युलेटर सरासरी २०.०८३३३३३ दाखवेल आणि मूल ती सगळी उतरवून काढेल. तीन आकड्यांतच तीन-चार दशांश सेकंदांचा फरक आहे, मग सातव्या दशांश स्थळाला अर्थ काय? २०.१ लिहा.

आणि मध्येच १८.२ आला तर? खोडायचा नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारा, शेजारी शंका लिहा (‘एक दोलन कमी मोजले असावे’) आणि मोजणी पुन्हा करा. पेनचा आग्रह यासाठीच.

खटकणारा आकडा जपून ठेवण्याचे मोल लंबकाच्याच इतिहासात आहे. क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले. पुढे १६७२ मध्ये झां रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे, विषुववृत्ताजवळ, निरीक्षणांसाठी गेले. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्यांचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्यांनी ते नोंदवले आणि लंबकाची लांबी किती कमी करावी लागली तेही लिहून ठेवले. विषुववृत्ताजवळ गुरुत्वाचा जोर किंचित कमी असतो, असा त्याचा अर्थ होता. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे हे मांडताना न्यूटन यांनी ही नोंद वापरली.

पायरी ६ : आलेख काढा आणि त्याला प्रश्न विचारा

लांबी आडव्या अक्षावर, दोलनकाल उभ्या अक्षावर. प्रमाण असे निवडा की आलेख कागदाच्या अर्ध्याहून अधिक भागात पसरेल. कोपऱ्यात आक्रसलेल्या आलेखातून काही वाचता येत नाही. बिंदू पट्टीने एकमेकांना जोडायचे नाहीत. त्यांच्या कलाने एक सलग रेषा हाताने काढा. ती सरळ येणार नाही, वर चढत हळूहळू वाकेल.

आता ६० सेंमीचा लंबक न बांधता, आलेखावरून त्याचा दोलनकाल वाचायला सांगा. आकडा लिहून झाला की मगच लंबक बांधून मोजा. दहा दोलनांना साधारण साडेपंधरा सेकंद लागले की मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा; पाठ केलेल्या सूत्राने हा आनंद मिळत नाही.

आठवी-नववीच्या मुलांनी आणखी एक रकाना वाढवावा : दोलनकालाचा वर्ग. २५, ५०, ७५, १०० सेंमीसाठी तो जवळपास १, २, ३, ४ येतो. त्याचा आलेख सरळ रेषा होतो आणि आरंभबिंदूतून जातो. सूत्राचे पान उघडायला आता हरकत नाही.

पायरी ७ : निरीक्षण वेगळे, अनुमान वेगळे

यासाठी लंबक सोडून स्टीलचा पेला घ्या. त्यात बर्फ आणि हळद घातलेले पाणी ठेवा, बाहेरून कोरडा पुसा, वर ताटली झाका. थोड्या वेळाने मूल लिहिते : ‘पेल्यातून पाणी पाझरले.’ हे निरीक्षण नाही. निरीक्षण एवढेच की पेल्याच्या बाहेर थेंब आले, आणि ते पिवळे नाहीत. पाझरण्याची शंका तपासायला पेला ताटलीसकट डिजिटल काट्यावर ठेवून पाहा. आतले पाणीच बाहेर आले असेल तर वजन तेवढेच राहील. हवेतली वाफ थंड होऊन पेल्यावर जमली असेल तर ते वाढेल. दमट हवेत पंधरा-वीस मिनिटांत एखाद-दोन ग्रॅमचा फरक दिसू शकतो. फरक दिसला नाही, तर ‘काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे सांगता येत नाही’ हे उत्तरही पूर्ण गुणांचे धरा.

नातेवाइकांपैकी कुणी अलिबाग-रत्नागिरीकडे आणि कुणी सोलापूर-जालन्याकडे असेल, तर मे महिन्यात एकाच दुपारी दोन्ही घरच्या मुलांना हा पेला ठेवायला सांगा. बर्फ किती, पाणी किती, पेला केवढा आणि किती मिनिटांनी पाहायचे, हे त्यांनी आधी फोनवर आपसात ठरवायचे. मोठ्यांनी त्यात पडू नये.